नवमीला रंगवलेले ब्रश

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक श्री. अल्पेशशेठ म्हात्रे, प्रमुख पाहुण्या आणि श्रीवर्धनच्या महिला कोकम उत्पादक संघाच्या अध्यक्षा श्रीमती सोनाबाई पाष्टे, गुणवत्ता विभागाच्या प्रमुख क्रांती घरत मॅडम, सत्कारमूर्ती श्रीमती कृष्णाबाई शिगवण, त्यांच्या घरची मंडळी आणि समोर बसलेले माझे वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाले, कॅन्टीन आणि यार्डातले सगळे सहकारी, आपणा सर्वांना चांगदेव बेटकरचा नमस्कार.

आज सकाळी साडेअकरा वाजता पनवेलच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. सोनाबाईंच्या संघाला आपण सात वर्षांपूर्वी कोकम आगळाची जी टाकी करून दिली, तिच्या जोडालगत पडलेले तपकिरी डाग साध्या लोखंडी तारेच्या ब्रशमुळे पडले, असं त्यात म्हटलं आहे. क्रांती मॅडमनी अहवाल दोनदा वाचला, कापून ठेवलेल्या तुकड्याशी ताडून पाहिला आणि बारा वाजता मला सांगितलं की यात आता शंका उरलेली नाही.

निरोपाच्या भाषणाची सुरुवात कुणी अशी करतं का? शाल झाली, श्रीफळ झालं, आता चार गोड शब्द बोलायचे असतात. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत’ असं छापलंय आणि दहा मिनिटं दिलीत. पण अहवाल आल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी शेडभर झाली, आणि ती कशी झाली ते मी कॅन्टीनच्या खिडकीशी उभा राहून ऐकलं. एकजण म्हणाला, “म्हणजे तेव्हाचं खरंच होतं, मावशींचाच ब्रश चुकला.” दुसरा म्हणाला, “गप रे, आज त्यांचा सत्कार हाय, आज नको.” बोलणारा चांगल्या मनाने बोलला. पण आज कुणी बोललं नाही तर कृष्णाबाई उद्यापासून घरी, आणि सहा वर्षांपूर्वी त्यांच्यावर आलेल्या दोषावर आज प्रयोगशाळेचा शिक्का. तो शिक्का चुकीच्या नावावर बसतोय. योग्य नाव माझं आहे.

मी हे लिहून आणलं आहे. गेली बावीस वर्षं या कारखान्याचे अहवाल मीच लिहितो, वेळेत देतो, त्याबद्दल माझं नावही आहे. न लिहिता बोललो तर मी वळसा घेईन, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागद.

ज्यांच्या घरी आपल्या धंद्यातलं कुणी नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण सर्रास म्हणतो. खरं म्हणजे ते स्वतःवर एक पातळ साय धरतं. डोळ्यांना ती दिसत नाही, पण त्याला सांभाळते तीच. पत्र्यावर साध्या लोखंडाचा कण रुतला, तर तिथे ती साय नीट धरत नाही. कण गंजतो आणि मग शेजारच्या पत्र्यालाही खायला लागतो. तेल किंवा ओल राहिली तर वेल्डिंगच्या वेळी त्याचा वायू होतो, वितळलेल्या धातूत अडकतो आणि जोडात बारीक भोकं राहतात. वरून जोड इतका सुरेख दिसतो की वेल्डर फोटो काढून घरी पाठवतो. म्हणून आपल्याकडे जोड चांगला की वाईट, हे वेल्डरने गॅस सुरू करायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. पत्रा साफ कसा केला, त्यावर ठरलेलं असतं. आणि आपल्या शेडमध्ये सतरा वर्षं ते कृष्णाबाईंनी ठरवलं.

चोवीस वर्षांपूर्वी त्या इथे झाडू मारायला आल्या. तेव्हा दूध थंड ठेवायच्या टाक्यांची ऑर्डर होती आणि एक्स-रेच्या फिल्मवर जोडात काळे ठिपके दिसत होते. सगळ्या जोडांत नाही, काहींतच. आम्ही गॅस बदलला, रॉड बदलला, वेल्डरसुद्धा बदलून पाहिला. एके दिवशी झाडता झाडता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, दुपारचे जोड वेगळे काढून बघा. बघितले. ठिपके सगळे जेवणानंतरच्या जोडांत. आपले बुधाजी, ते बघा तिसऱ्या रांगेत हसतायत, तेव्हा पत्रे जुळवायचं काम करायचे. त्यांच्या डब्यात रोज तळलेला बांगडा, आणि जेवून झालं की हात गोणपाटाला पुसून थेट पत्र्याला. कृष्णाबाई त्यांना म्हणाल्या, “बुधाजी, तुजा बांगडा टाकीत पवतोय.”

तेव्हापासून साफसफाईचं टेबल त्यांच्याकडे आलं. जुन्या धोतराची, सोडा घालून उकळलेली पांढरी फडकी त्या घरून आणायच्या. आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग ब्रश मारायचा, मग पुन्हा पुसायचं, आणि फडकं पांढरं निघेपर्यंत पुसतच राहायचं. एक नवा इंजिनियर म्हणाला, आधी ब्रश मारला तर काय बिघडतं? त्याला त्यांनी विचारलं, तुझी आई घर आधी झाडते की आधी सारवते? धुळीवर सारवलं तर पोपडे निघतात, तेलावर ब्रश मारला तर तेल चरांत जाऊन बसतं. मी ट्रेनिंगच्या पुस्तकात हेच चार पानांत वाचलंय आणि मला ते इतकं कळलं नव्हतं.

शेठसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत. शेठचं घराणं मिठागराचं, मग ट्रकचं, मग हा कारखाना. खाडीचा वारा आला की रात्रभर उघड्या राहिलेल्या पत्र्यावर मिठाचा हात बसतो, म्हणून सकाळी पत्रे गोड्या पाण्याने धुवा असा त्यांचा आग्रह. शेठ म्हणाले, एवढं पाणी? तर म्हणाल्या, आज्यानं मीठ पिकवलं आणि नातवानं मिठाला भिनारा धंदा काढला, त्याला मी काय करू? शेठ, तुम्ही हसलात तेव्हा. आजही हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फार नाही.

ब्रशचं आता सांगतो. आपल्या शेडमध्ये साध्या लोखंडाचं काम, ज्याला आपण एम.एस. म्हणतो, तेही होतं. एम.एस.चे तारेचे ब्रश वेगळे, स्टेनलेसचे वेगळे. एम.एस.चा ब्रश स्टेनलेसला लावला की त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात. दिसायला दोन्ही ब्रश सारखेच. म्हणून कृष्णाबाईंनी स्टेनलेसच्या आठही ब्रशच्या दांड्यांवर निळी पट्टी काढली होती आणि ते एका पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायच्या. खंडेनवमीला सगळ्या शेडची हत्यारं देवीपुढे मांडली जात, पण ही पेटी बंदच मांडली जायची. पेटीवर हळदकुंकू, पेटीला झेंडूचा हार. कुणी चिडवलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, देवीला झाकणातूनपन दिसतंय.

सात वर्षांपूर्वीच्या नवमीला त्या रजेवर होत्या. सुनेचं बाळंतपण, म्हसळ्याच्या दवाखान्यात. पेटीची चावी माझ्याकडे देऊन गेल्या होत्या. त्या वर्षी शेठचे वडील पूजेला येणार होते. त्यांच्या मिठागरावर नवमीला सगळ्या हत्यारांच्या दांड्या गेरूने रंगवायची पद्धत होती. आमच्या वेळी हत्यारं कशी लालबुंद दिसायची, असं ते एकदा माझ्यासमोर बोलले होते. मला वाटलं, आपण त्यांना ते दाखवावं. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांनी बघावं आणि विचारावं, हे कुणी केलं?

मी पेटी उघडली. आठ स्टेनलेसचे आणि बारा एम.एस.चे, वीस ब्रशच्या दांड्यांना मी स्वतः गेरू लावला. तारांना गंज नको म्हणून पद्धतीप्रमाणे खोबरेलाचा हात फिरवला. पाटावर वीस ब्रश सूर्याच्या किरणांसारखे गोल मांडले. म्हातारे शेठ आले, त्यांनी पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर हात ठेवला. तो फोटो अजून ऑफिसात आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रश उचलताना माझ्या लक्षात आलं की निळी पट्टी कुठेच नाही. ती गेरूखाली गेली होती. मी काय केलं? तार चकचकीत दिसली तो स्टेनलेसचा, असं धरून आठ ब्रश पेटीत टाकले. तेल लावलेली तार सगळीच चकचकीत दिसते, हे वीस वर्षं धातूत काम करणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं का? होतं. पण तो विचार मी मनात येऊ दिला नाही, कारण शनिवारी ट्रक लागणार होता. दिवाळीच्या आत संघाची टाकी पोचवायची, असा शब्द मी दिला होता.

कृष्णाबाई कामावर आल्या, पेटी उघडली आणि पेटी तशीच उचलून माझ्याकडे आणली. विचारलं, पट्टी कुठं गेली? मी सांगितलं. त्यांनी एक ब्रश उचलून तारेचा वास घेतला. मी म्हणालो, लोहचुंबक लावून बघू, जो चिकटेल तो एम.एस.चा. लावला. ब्रशसाठी ओढून काढलेली स्टेनलेसची तारही चुंबकाला थोडी चिकटते. वीसच्या वीस चिकटले. तेव्हा त्या म्हणाल्या, यातला एकही मी पत्र्याला लावणार नाही, नवे मागव. नवे मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते.

तिथे सहा माणसं उभी होती. बुधाजी, तुम्ही होतात. मी सगळ्यांकडे बघत, मोठ्याने म्हणालो, “कृष्णाबाई, देवीपुढे ठेवलेला ब्रश खराब कसा होईल? देवीवर विश्वास नाही का तुमचा?” सगळे हसले. मी हसवण्यासाठीच बोललो होतो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “देवीचं नाव मदी आनू नको, फोरमन. रंग देवीनं लावला न्हाय, तू लावलास.”

मी म्हणालो, ऑर्डर माझी आहे, घासा. त्यावर म्हणाल्या, “तू सांगतोस म्हनून घासते. ध्यानात ठेव.”

ते माझ्या ध्यानात होतं. या सात वर्षांत एक दिवसही ते विसरलो असं झालेलं नाही.

आणखी एक सांगायचं राहतंय, ते अहवालात नाही. वेल्डिंग झाल्यावर जोडावर पिकलिंगची, म्हणजे पत्रा आम्लाने साफ करणारी, पेस्ट लावून ठेवतात. ती पूर्ण वेळ ठेवली असती तर पत्र्यात रुतलेलं बरंचसं लोखंड निघून गेलं असतं. तीही मी अर्ध्या वेळात धुऊन टाकायला लावली. म्हणजे चूक एकदा झाली असं मला म्हणता येत नाही. सुधारायच्या दोन संधी समोर आल्या, दोन्ही मी घालवल्या. टाकी शनिवारी निघाली, आरशासारखी चमकत होती, आणि वेळेत पोचवल्याबद्दल सोनाबाईंनी मला फोन करून धन्यवाद दिले.

सोनाबाई, आता तुमच्याकडे बघून बोलतो. तुमच्या संघाच्या बायका आगळ चिनीमातीच्या बरण्यांत ठेवायच्या. कोकमाचा आंबटपणा आणि वर मीठ, धातूला याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. तरी आमच्या शब्दावर तुम्ही बरण्या सोडून टाकी घेतलीत. पुढच्या मे महिन्यात पहिला मोसम तुम्ही तिच्यात भरला आणि तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आगळ काळं पडलेलं, लोखंडाच्या चवीचं. ते तुम्ही खड्डा खणून ओतलंत. किती घरांची फळं होती ती, किती जणींचे हात महिनाभर लाल झाले होते, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं.

चौकशी झाली. अहवाल अर्थात मीच लिहिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. ‘पत्र्याच्या साफसफाईत संबंधित कामगाराकडून हलगर्जी झाल्याचे दिसते.’ हलगर्जी झाली असं मी लिहिलं नाही, झाल्याचे दिसते असं लिहिलं, आणि तेवढ्याने मी खोटं बोललो नाही असं स्वतःला समजावलं. कुणाला दिसलं होतं? मला तर काहीतरी वेगळंच दिसलं होतं. अहवाल शेठनी सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर वाचला आणि कृष्णाबाईंना एकच विचारलं, जोडाला ब्रश कुणी मारला? त्या म्हणाल्या, मी मारला. तेवढ्यावर चौकशी संपली. ते सहाही जण तिथे होते. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्या पाळ्या मी लावत होतो, त्यांच्या रजेवर सही माझी होती. तोंड उघडायचं काम माझं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोनाबाई आल्या. सोनाबाई आणि कृष्णाबाई माहेरच्या एकाच वाडीतल्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. संघाने आपल्याकडे ऑर्डर दिली ती कृष्णाबाई इथे आहेत म्हणूनच. गेटवर सोनाबाई त्यांना म्हणाल्या, “एका विहिरीचं पानी प्यालो गं आपन.” एवढंच म्हणाल्या आणि वळून गेल्या. मी माझ्या केबिनच्या खिडकीतून बघत होतो. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. आज व्यासपीठावर शेजारी बसल्यात, मधे एक खुर्ची रिकामी आहे. सोनाबाई, तुम्ही गेटवर जे बोललात ते माझ्या कागदावर विसंबून बोललात. तुमची त्यात काहीही चूक नाही.

कृष्णाबाईंना साफसफाईच्या टेबलावरून काढून यार्डात पाठवलं. सहा वर्षं त्यांनी भंगार निवडलं. स्टेनलेसचं एका ढिगात, एम.एस.चं दुसऱ्या ढिगात. त्या ढिगांत कधी सरमिसळ झाली नाही, हे भंगार न्यायला येणारा माणूससुद्धा सांगेल. आणि इकडे शेडमध्ये मी काय केलं? ब्रशसाठी वेगळं कपाट केलं, दांड्यांवर रंगाऐवजी कोरून खुणा केल्या, आधी पुसणे मग घासणे मग पुन्हा पुसणे असा तक्ता भिंतीवर लावला आणि त्याला ‘नवीन कार्यपद्धती’ असं नाव दिलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने तपासणीत तिचं कौतुक केलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते घेताना टाळ्या वाजल्या. यार्डातली माणसंही त्या दिवशी सभेला बोलावली होती. कृष्णाबाईंनीही टाळ्या वाजवल्या का, ते मी बघितलं नाही. मान वर करायची हिंमत झाली नाही. आज दुपारी चारला ते पत्र मी भिंतीवरून उतरवलं.

मी कधीतरी हे सांगणार होतो का? लोक विचारतील, म्हणून स्वतःला विचारून ठेवलंय. प्रत्येक नवमीला वाटायचं, यंदा सांगू. मग वाटायचं, आता जुनं झालं, त्यांनाही सवय झाली असेल. दुसऱ्याला अन्यायाची सवय झाली असेल, असं आपण किती सहज धरून चालतो. गेल्या महिन्यात संघाने टाकी नवीन जोड घालण्यासाठी परत पाठवली. एवढी वर्षं ते तिच्यात फक्त पाणी साठवत होते. क्रांती मॅडम आपल्याकडे नव्या, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. त्यांनी डाग बघितले आणि कारण कळल्याशिवाय नवा जोड घालायचा नाही म्हणाल्या. त्यांनी तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. मी पाठवू नका म्हणालो होतो. मॅडम, तुम्ही तेव्हा माझ्याकडे जरा नवलाने बघितलंत. त्याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल.

आज तीनच्या सुमारास मी यार्डात गेलो. कृष्णाबाई नव्या माणसाला ढीग दाखवत होत्या. तो गेल्यावर मी सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतोय तसंच. त्यांनी हातातला पाइपाचा तुकडा ढिगात टाकला आणि म्हणाल्या, यात नवीन काय? ब्रश माझ्या हातात होता, मला ठाऊकच होतं. मी विचारलं, मग शेठना तेव्हा का नाही सांगितलं? म्हणाल्या, त्यांनी विचारलं ब्रश कुणी मारला, मी मारला होता, खोटं का बोलू? मारायला कुणी लावला ते विचारलंच नाही. ज्याने सांगायचं त्याने सांगायला हवं होतं, आणि तो शेठच्या शेजारीच उभा होता.

मी माफी मागितली. मी डोळे पुसायला हात वर केला. तर म्हणाल्या, “त्या हातांनी डोळं पुसू नको, ग्रीस हाय.”

मग म्हणाल्या, “मला एकटीला सांगून काय उपेग, चांगदेवा? तू कागदावर लिवलंस आनि सगळ्यांसमोर वाचलं गेलं. तर आता बी कागदावर लिव आनि सगळ्यांसमोर वाच.”

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

मग मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठ आधी म्हणाले, पाहुणे आहेत, सोमवारी बंद खोलीत बोललं तर नाही चालणार? मग स्वतःच म्हणाले, “नाय. हजेरीला वाचलेला मीच. सभेतच बोल.” शेठ, परवानगीबद्दल आभारी आहे. ही परवानगी द्यायला तुम्हाला सोपं गेलं नसणार.

बुधाजी, तुम्ही हात वर केलात, मी बघितलं. तुम्हाला काही सांगायचंय हे मला कळतंय. पण आज तुमची पाळी मी लावणार नाही. शेठना सांगा, सोमवारी सांगा. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा सांगा. इथे मला तुमची साक्ष नको आहे, कारण मी काहीच नाकारत नाहीये.

आता पुढचं. सोमवारी सकाळच्या हजेरीला शेठ माझा आजचा कागद वाचतील आणि सहा वर्षांपूर्वीचा अहवाल रद्द केल्याची नोंद कृष्णाबाईंच्या सेवापुस्तकात होईल. माझ्यावर काय कारवाई करायची ते शेठ आणि क्रांती मॅडम ठरवतील. मी फोरमनपद सोडत असल्याचं पत्र त्यांच्याकडे दिलं आहे. ते घ्यायचं की त्याहून जास्त काही करायचं, हे माझ्या हातात नाही, आणि नसावंच. बुधवारी संघाची बैठक आहे. सोनाबाईंची हरकत नसेल तर मी श्रीवर्धनला येईन आणि ज्या बायकांनी आगळ ओतलं त्यांच्यापुढे हाच कागद वाचेन. हरकत असेल तर त्या सांगतील तिथे, सांगतील तेव्हा. टाकीचा जुना जोड मंगळवारी पूर्ण कापून काढला जाईल. नव्या जोडाची साफसफाई कुणी करायची हे क्रांती मॅडमनी ठरवायचं आहे. त्यांनी कृष्णाबाईंना एक दिवस याल का असं विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

दहा मिनिटांची मी पंचवीस केली. सूत्रसंचालकांनी दोनदा घड्याळ दाखवलं, मी दोन्ही वेळा न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. मंडप, खुर्च्या, चहा यांची व्यवस्था करणाऱ्यांचे आभार. शिगवण कुटुंबाचे विशेष आभार, कारण आनंदाच्या दिवशी त्यांना हे ऐकावं लागलं आणि त्यांच्यातलं कुणी उठून गेलं नाही. बोलण्यात शब्द चुकला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. भाषणातल्या चुकांची माफी सभेकडे मागतात, तेवढीच मी आपल्याकडे मागतो. दुसरी ज्यांच्याकडे मागायची त्यांच्याकडे मागून झाली आहे. ती द्यायची की नाही, याची त्यांना कसलीही घाई नाही.

पत्रिकेप्रमाणे आता सत्काराला उत्तर. कृष्णाबाईंनी मला मघाशी एवढंच सांगितलं की त्या बोलणार आहेत. काय बोलणार ते मी विचारलं नाही. माइक माझ्या उंचीला लावलेला आहे, तो मी खाली करून देतो.

या, कृष्णाबाई.